होडीवर पेरलेली दिवाळीची साखर

यंदा दिवाळीची सुट्टी लागली तशी मी सांगलीहून एसटीनं थेट इस्लामपूरजवळच्या आमच्या मळ्यावर गेले. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत धाकट्या भावानं, वसंतानं, बातमी दिली. "अक्का, भाऊबीज झाली की आबांची होडी फोडायची."

आबा म्हणजे आमचे वडील. मुंबईच्या गोदीत ते सुतार होते. सत्तर साली रिटायर झाले, तेव्हा साहेबलोकांनी मोडीत काढलेली एक शिडाची होडी ट्रकवर घालून त्यांनी कृष्णाकाठी आणली. सहा वर्षं रोज सकाळी शीड लावून ते नदीवर असायचे...

गेल्या माघात त्यांचा डेकवर पाय घसरला. वरचा खरखरीत रंग झिजून फळ्या गुळगुळीत झाल्या होत्या. गुडघा दुखावला, हातात काठी आली, आणि होडी शेडमध्ये लाकडी घोड्यांवर, म्हणजे चार पायांच्या टेकूंवर, चढली.

ऊसतोडीच्या बैलांना शेड लागते, असं वसंता म्हणत होता. पण मला माहीत होतं, आबा पुन्हा पडतील म्हणून तो घाबरला होता. आणि आबा? ते नुसतं "फोडा" म्हणाले आणि ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवला... तो एक शब्द मला फार लागला.

मी वसंताला म्हटलं, "डेक मी पुन्हा खरखरीत करते. ओल्या डेकवर आबा अनवाणी उभे राहिले तर होडी राहील."

"आनि न्हाई ऱ्हायले तर?"

"तर फोड."

मी बेचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी बाई. पण लहानपण सगळं आबांच्या रंधा-करवतीशेजारी गेलेलं. जमेल याबद्दल मला शंका नव्हती, खरंच.

दोन दिवस पत्र्यानं जुना रंग खरवडला. मग काचकागद, मग टर्पेंटाइनचा बोळा. दिवाळीची झाडलोट सोडून वन्सं हे काय करतायत, म्हणून भावजय हौसा दोनदा डोकावून गेली.

नदीची वाळू आमच्याकडे हवी तेवढी. ओल्या रंगावर ती चाळणीनं भुरभुरली, वाळल्यावर वरून दुसरा हात दिला. हौसानं टाच टेकवली आणि फिस्सकन हसली. "आवं वन्सं, ही तर वजरी झाली! आता न्हानीत दगूड नगं, हितंच टाचा घासू."

ती हसली, पण तिचं बरोबर होतं. शीड ओढताना आबांना गुडघे टेकावे लागतात. दुखरा गुडघा या वाळूवर सोलून निघाला असता... सगळं पुन्हा खरवडलं. चार दिवस पाण्यात गेले.

मग आठवलं. आबा सांगायचे, गोदीतला एक म्हातारा साहेब ओल्या रंगावर साखर पेरायचा. रंग पक्का वाळला की पाण्यानं धुवायचा. साखर विरघळते, तिच्या जागी बारीक खळगे राहतात. पाय घसरत नाही आणि कातडीही सोलत नाही.

घरात साखर होती ती कारखान्याकडून सभासदांना दिवाळीसाठी मिळालेली. हौसानं ती डालड्याच्या डब्यात, लाडू-करंज्यांसाठी जपून ठेवली होती. मागताना माझी मान खाली गेली...

हौसानं एकच विचारलं. "मामंजी पुन्यांदा नदीवर जातील?"

"जातील."

"मंग घ्या." आणि डबा माझ्या हातात देऊन ती गूळ किसायला बसली.

धनत्रयोदशीला जाड रंग दिला आणि रांगोळीच्या चिमटीनं साखर पेरली. वीतभर जागासुद्धा विरळ राहू दिली नाही. मी स्वतःवर भलतीच खूश होते... आणि तासाभरात घोड्यांच्या पायांवरून मुंग्यांच्या रांगा वर निघाल्या!

गणिताच्या बाईंनी सगळा हिशेब केला होता, फक्त मुंग्या धरल्या नव्हत्या.

मी ओरडले तशी हौसा धावत आली. फळीच्या कपाटाला मुंग्या लागू नयेत म्हणून आपण पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो ना, तसंच तिनं केलं. आठ डबे, आठ वाडगी, जे मिळेल ते... घोड्यांचे सगळे पाय पाण्यात.

हा गोंधळ ऐकून आबा शेडमध्ये आले. माघानंतर पहिल्यांदाच. वाडग्यांकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, आणि हसायला लागले. "अगं, होडीला पानी लागतंय खरं, पन आसं न्हवं!"

मग काठी टेकून वाकले आणि हलकी फुंकर मारत, कोंबडीच्या पिसानं एकेक मुंगी रंगावरून उचलायला लागले. दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघं तेच करत होतो. ट्रान्झिस्टर घरात एकटाच गात होता.

पाडव्याच्या सकाळी आबांनी तांब्यानं पाणी ओतलं, मी काथ्यानं घासलं. साखर गेली, बारीक खळगे राहिले. खाली आलेलं गोड पाणी हौसानं घमेल्यात धरलं. "म्हशीला पाजू का, मामंजी?"

"नगं. रंग हाय त्यात."

आबांनी काठी खांबाला लावली, माझ्या खांद्याला धरून वर चढले आणि ओल्या डेकवर अनवाणी उभे राहिले. खाली वसंता दोन्ही हात पसरून उभा... नवं चालायला लागलेल्या पोरामागं उभं राहावं तसा.

आबांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग टाच दाबून पाहिली. "हात खाली घे रं. पायाला धरतंय."

वसंतानं हात खाली घेतले. म्हणाला, "बैलं आंब्याखाली बांधू."

आबांनी मला शाबासकी दिली नाही. त्यांनी हौसाला हाक मारली. "हौसा, ये वर. साखर तुजी हाय." होडी येऊन इतकी वर्षं झाली, ती कधी होडीत चढली नव्हती. पदर खोचून ती वर गेली...

फराळाला लाडू गुळाचे होते. वसंतानं चार खाल्ले, साखरेचं नाव काढलं नाही. रंग माझ्या हातचा, हे मी मिरवते खरी... पण "मंग घ्या" म्हणणारी ती होती, म्हणून आबा आज सकाळी नदीवर आहेत.