बुरुजाखालचं लिंबू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला संशय असावा — किल्ल्याचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जातो, हे तिच्या नजरेतून सुटत नसणार.

पिशोरच्या पुढं एक लहानसा किल्ला आहे. नाव सांगत नाही. संभाजीनगरहून आम्ही काही जण रविवारी तिथं जायचो — झुडपं काढायची, टाक्यातला गाळ उपसायचा. पायथ्याच्या वस्तीवरचा मिलिंद सोबत राबायचा. त्या दगडांवर त्याचा फार जीव. मला मात्र तेच खुपायचं. याला यातून काय मिळतं? फुकट कोण राबतं? मीही फुकटच राबत होतो, पण ते कुठं सुचतं!

दसऱ्याला आम्ही दरवाजाला तोरण बांधलं, पूजा केली. कुणीतरी मिलिंदच्या हातात लिंबू दिलं. तो हसला. "सर, आमी बुद्धाचे. आमच्या घरात लिंबू फक्त वरणावर पिळतेत." सगळे हसले. मीही.

त्याच दुपारी बुरुजातलं पिंपळाचं मूळ मी पहार घालून उपटलं. मूळ उपटायचं नाही, त्यानंच दगड धरून ठेवलेत — हा आमचाच नियम. पण मला काम झालेलं दिसायला हवं होतं. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी पोचलो, तर बुरुजाचा कोपरा खाली आलेला, मुळाच्या जागी खड्डा. आणि माझ्या पिशवीत — कसं सांगू? — पूजेतलं उरलेलं कुंकू होतं, सुकलेलं लिंबू होतं.

ते मी त्या खड्ड्यात टाकलं.

"गुप्तधनवाले येऊन गेले," ही पहिली ओरड माझी. मग नुसतं विचारलं, पायथ्याला राहतं कोण? नाव घ्यावंच लागलं नाही. वरणावरचं लिंबू एकालाही आठवलं नाही? की आठवूनही सगळे गप्प बसले?

त्यानंतर मिलिंदची पिशवी तपासायचं ठरलं. तपासायचो मी. हळूहळू तो यायचाच बंद झाला. बजाजनगरला राहतो, कंपनीत लागलाय, असं कानावर आलं.

गेल्या महिन्यात औरंगपुऱ्यात समोर आला. हातात भाजीची पिशवी. मी तोंड उघडायच्या आत त्यानं ती उघडून माझ्यापुढं धरली.

"बघा सर. काय नाय."

हसत होता. त्याला ठाऊक आहे? पहिल्यापासून ठाऊक होतं? सगळं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी — मी वाकून पिशवीत पाहिलं.