टाकीच्या नळीतलं बूच

इथले अनुभव मी चवीने वाचतो, पण विश्वास कशावरच ठेवत नाही, हे आधीच सांगतो. मी डिझेल मेकॅनिक. उभं आयुष्य पंप आणि नोझल खोलण्यात गेलं. इंजिन सुरू होत नसेल तर त्याला कारण असतं आणि ते हाताला लागतं, एवढाच माझा धर्म. फक्त एक दिवस असा आहे की तो काही केल्या या धर्मात बसत नाही...

साल चौऱ्याऐंशी किंवा पंच्याऐंशी. मी तेवीस वर्षांचा, घर कसालजवळ, भात आणि काजूचं. समुद्राशी संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. कणकवलीच्या एका गॅरेजात ट्रकचे पंप करायचो आणि स्वतःला मोठा उस्ताद समजायचो. नारळी पौर्णिमा होऊन आठेक दिवस झाले असतील. मालवणच्या अलीकडच्या एका खाडीवरून एक गृहस्थ गॅरेजात आले. त्यांच्या मोठ्या भावाची मासेमारीची बोट होती. भाऊ आषाढात जेवता जेवता छातीत कळ येऊन गेला. आता बोटीचं इंजिन दोन-तीन मिनिटं चालतं आणि मरतं, किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी हात टेकले. वहिनीला बोट ठेवायची होती, नवऱ्याने हौसेने बांधून घेतलेली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विजयदुर्गचा एक माणूस बघायला येणार होता. तोवर इंजिन चाललं नाही तर बोट त्याला देऊन टाकायची, असं घरात ठरलं होतं.

सकाळच्या एसटीने गेलो. वहिनी माडाखाली वाट बघत होत्या. सगळे त्यांना मालतीवयनी म्हणत. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं आणि हळूच विचारलं, जमेल ना? मी म्हटलं, जेवणाआधी चालू करतो. काय ती तेव्हाची माझी जीभ!

बोट कमरेइतक्या पाण्यात बांधलेली. पाइपातली एअर काढली, हँडल मारलं, इंजिन झकास सुरू. तीन मिनिटांनी बंद. पुन्हा एअर काढली, पुन्हा तेच. फिल्टर बदलला, नोझल साफ केले, टाकीत काठी घालून डिझेल बघितलं आणि झाकण घट्ट लावलं. तीन मिनिटं... बंद. हाताला फोड आले. त्यात जो तो पाण्यात उतरून, बोटीच्या कडेला रेलून सल्ला देऊन जात होता. आम्हा मालवणी माणसांना दुसऱ्याचं बंद इंजिन दिसलं की राहवत नाही. शेवटी सगळे जेवायला गेले, दीरसुद्धा. मी हट्टाने थांबलो.

भर दुपार होती. मी वाकून पंपावर होतो. कडेला पुन्हा कोणीतरी रेललं. मी वर न बघताच फटकारलं, "काका, तुमचा काम करा, माका माझा करूंदे."

तो नुसता हसला. मग सावकाश म्हणाला, "टाकयेच्या नळयेत बूच आसा. वर, फळयेखाली. गुलाबाक सांग हां, सांगूचा रवान गेला म्हणून."

डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला तो एवढाच... पांढऱ्या मिशा, भिजलेला पंचा. मी पाना उचलून टाकीकडे वळलो. ट्रकच्या टाकीला हवेचं भोक झाकणातच असतं. बोटीत त्यासाठी वेगळी नळी वर नेलेली असते, हे या उस्तादाला कुठे ठाऊक! फळीखाली हात घातला तर नळीच्या तोंडात डांबर लावलेलं फडकं ठासलेलं. उपटलं तशी टाकीने सूंऽऽ करून हवा ओढली. हवाच आत जात नव्हती, तर डिझेल बाहेर येणार कसं? एअर काढली, हँडल मारलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं... इंजिन थांबायचं नाव घेईना. आभार मानायला वळलो तर पाण्यात कोणी नव्हतं.

आवाज ऐकून दीर धावत आले. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून मारलेलं बूच होतं ते, हे उघड होतं. ते म्हणाले, भाऊ इंजिनाला कोणाला हात लावू देत नसे. पौर्णिमेला दर्यात नारळ सोडण्याआधी एकटाच बोटीवर चढायचा, काय करायचा कोणाला माहीत नव्हतं. मी कडेला रेललेल्या त्या माणसाचं सांगितलं, गुलाबला सांग, सांगायचं राहून गेलं, हा त्याचा निरोपही सांगितला आणि विचारलं, "गुलाब कोण?" त्यांना काही आठवेना. त्यांच्या मागून मालतीवयनी माझं जेवण घेऊन आल्या होत्या. त्यांनी ताट तिथेच वाळूत ठेवलं.

गुलाब हे त्यांचं माहेरचं नाव. लग्नात बदललेलं. त्या नावाने त्यांना एकच माणूस हाक मारायचा, तीही दोघंच असताना.

मी पुष्कळ डोकं चालवलं. माहेरचा कोणी असेल, म्हणावं, तर त्याला बूच कसं माहीत? आणि बूच माहीत असलेला माणूस तर आषाढातच गेलेला. चाळीस वर्षं झाली, कारण काही हाताला लागलेलं नाही. आता मी ते शोधतही नाही.

संध्याकाळी विजयदुर्गचा माणूस चहा पिऊन परत गेला. मी निघालो तेव्हा मालतीवयनी रस्त्यापर्यंत आल्या. भुताखेताचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. फक्त विचारलं, "आणखी काय म्हणाले ते?"

काहीतरी चांगलं रचून सांगता आलं असतं. पण तेविसाव्या वर्षी ते सुचत नाही. मी म्हटलं, "नाय वयनी, तितक्याच." त्यांनी मान हलवली आणि पदर डोळ्याला लावला.

मी पाना उचलायची घाई केली नसती, तर तो अजून बोलला असता का?