बियाण्याची पुरचुंडी

मिरचीमाय, म्हणजे माझी सासू, माझ्याशी कधी सरळ बोलल्याचं आठवत नाही. सकाळी मी चूल पेटवायच्या आधी तिचं तोंड सुरू व्हायचं. शहाद्याजवळच्या आमच्या गावाने तिला हे नाव जिभेवरून दिलं की तिच्या हातच्या मिरचीवरून, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मला ती आवडत नव्हती. मेलेल्या माणसाबद्दल खोटं कशाला लिहू?

घरात बियाणं निवडायचा मान तिचा. अंगणात मिरची वाळली की ती ढिगाशी बसे, एकेक मिरची कानाशी हलवून बघे, देठ चाचपे, आणि पसा-दोन पसे बाजूला काढून पुरचुंडी आढ्याला टांगे. पुढच्या वर्षीचं पीक त्यातून. एकदा मी मदतीला बसले तर म्हणाली, "तुन्हा हात लागना का बी मरी जाई."

युद्धामुळे घासलेट मिळेनासं झालं, त्या वर्षी तिची एकुलती मुलगी यमुना बाळंतपणात गेली. मिरचीमाय रडली नाही. भांडण मात्र थांबलं. भाकरी करपली तरी गप्प. ओट्यावर बसली की बसलेलीच. मला वाटलं, सुटले बाई. इतके सुखाचे दिवस मी त्या घरात पाहिले नव्हते.

मग ती विसरू लागली. जेवून उठायची आणि पुन्हा ताट मागायची. एक दिवस तिने आढ्यावरची पुरचुंडी काढून उखळात कुटली. वर्षाचं बियाणं आमटीत गेलं. मी सगळं उट्टं त्या दिवशी काढलं. "आत्या, तुमनं डोकं आते चालत नही," असं चारचौघींत म्हणाले आणि बियाण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं. तिथून ती झपाट्याने उतरली. पोटच्या मुलालाही ओळखेना.

नंदुरबारहून हकीम आणले. बराच वेळ तिच्याजवळ बसून ते मला म्हणाले, "माय उदास शे. पहिले मन बसनं, मंग डोकं. तिना हातमाईन काम काढू नका." यांना काय जातं सांगायला, असं मी मनात म्हटलं.

उरलेल्या वाळवणातून बियाणं मीच निवडलं. लांब, लालभडक, देखण्या मिरच्या. पुढच्या हंगामात पीक आलं ते जाड सालीचं आणि फिकं. शेवटी हरून, मायेने नव्हे, मी ढीग तिच्यापुढे ओतला. तिने एक मिरची कानाशी हलवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही कोनी निवाडी? तुन्हा डोया फुटनात का?"

दीड वर्षाने शिवी ऐकली आणि मला रडू आलं.

चार दुपारी ती निवडत बसली. एकदाही हात चुकला नाही. मी मुद्दाम किडकी मिरची पुढे करायची, ती खेकसायची. पाचव्या दिवशी तिने पुरचुंडी बांधली, माझ्या ओटीत ठेवली आणि परक्या बाईशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाली, "यमुना उनी का तिले दे. मन्ही सूनना हातमा देऊ नको."

बरं, ती आली की तिलाच देते, असं मी म्हटलं. त्याच पावसाळ्यात ती गेली. ते बी मीच पेरलं, आणि अजून तेच पेरते.