गरजूचे नाव गुप्त ठेवणेबाबत

गरजू व्यक्तीचे नाव गुप्त ठेवण्यात यावे, हा नियम मी स्वतः लिहिला होता, हे प्रारंभीच नमूद करतो. पुढील प्रकारास अन्य कोणीही जबाबदार नाही.

माझा व्यवसाय अर्जलेखनाचा. कचेरीच्या आवाराबाहेर पत्र्याच्या सावलीत टेबल टाकून मी अनेक वर्षे लोकांच्या अडचणी शुद्ध भाषेत मांडत आलो आहे. शिक्षण आठवीपर्यंत (नववीचे आणि माझे मतभेद झाले). तथापि 'सबब', 'उपरोक्त' आणि 'सविनय' हे शब्द ज्याला योग्य जागी बसवता येतात, त्याचे पुढील शिक्षणावाचून काही अडत नाही, असा माझा अनुभव आहे. शुक्रवार पेठेतील आमच्या गल्लीत मला 'वकीलसाहेब' म्हणतात. मी हरकत घेत नाही.

गल्लीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्याची ॲडमिन माझी धाकटी भावजय मंगल. ती आणि माझा भाऊ चार घरे सोडून राहतात. माझी पत्नी निवर्तल्यापासून माझ्या घरात आवाज करणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, एक नळ आणि दुसरा हा ग्रुप. सोलापूरच्या नळाला रोज बोलण्याची सवय नाही, हे आपण जाणताच. ग्रुप मात्र दिवसभर वाजे. त्यामुळे त्यावरील प्रत्येक मजकूर मी आदराने वाचत असे. 'शुभ सकाळ' असे कोणी पाठवले, तर 'आपल्या शुभेच्छा प्राप्त झाल्या, आभारी आहे' असे लेखी उत्तर देत असे. (त्यावर पुढे कोणी काही लिहीत नसे. पत्रव्यवहार एका बाजूने पूर्ण होई.)

अशा या ग्रुपवर एके दिवशी गिरणीवाल्या महादेवने आवाहन टाकले: 'लहान बाळ गंभीर आहे, रक्त पाहिजे, माणुसकी असेल तर पुढे पाठवा!' खाली फोन नंबर. आमची गल्ली माणुसकीच्या बाबतीत ताबडतोब पेटते. महादेव पीठ न झटकता, त्याच्या मागे सहा-सात धडधाकट माणसे, असा लवाजमा रुग्णालयात जाऊन थडकला. तिथे बाळाचा पत्ता लागेना. शेवटी महादेवने नंबर फिरवला.

"बाळ कुटं हाय ओ?" महादेव ओरडला.

"कोणतं बाळ?" पलीकडून भारदस्त पुरुषी आवाज आला.

"रक्त पाहिजे असलेलं!"

"आं, ते मीच की! आता रिक्षा चालवतोय. स्टँडवर सोडू का?"

गल्ली त्याच्याच रिक्षाने परतली. आपल्या चुकीची भरपाई म्हणून महादेवने दुसऱ्याच दिवशी दुसरे आवाहन टाकले. या खेपेस माणूस खरा, डोळ्यांसमोरचा असावा याची त्याने काळजी घेतली. कोपऱ्यावरच्या रफिकचाचा शिंप्याचा फोटो आणि खाली मजकूर: 'यांना दिसत नाही, मदत करा.' चाचांना जवळचे थोडे अंधुक दिसे, एवढेच. संध्याकाळी चाचा कात्री हातात घेऊन गिरणीवर आले.

"महादेवा, मेरेकू मदत नक्को! मेरा फोटो निकाल पैले! अंधे दर्जी कू कपडा कौन देता रे?"

दिवसभरात ब्लाउजची चार कापडे परत गेली होती, आणि एक बाई चाचांना हात धरून रस्ता ओलांडून देऊन गेली होती. चाचांना रस्ता ओलांडायचाच नव्हता!

तेव्हा मंगलने जाहीर केले की यापुढे कोणते आवाहन ग्रुपवर टाकावे आणि कोणते टाकू नये, याचा एकदाच निकाल लावायचा. गिरणीच्या कट्ट्यावर बैठक भरली.

"भावजी, नियम तुमीच लिवा की," मंगल म्हणाली. "तुमच्यासारखं कुणाला जमायचं न्हाय."

"विचार करून कळवतो," मी म्हणालो, आणि खिशातून तयार मसुदा काढला.

मसुद्यातील मुख्य बाबी अशा होत्या की आवाहन आपल्या गल्लीतील माणसापुरते असावे, फोटो नसावा, आणि गरजूची अब्रू राखण्यासाठी त्याचे नाव लिहू नये, केवळ परिस्थितीचे वर्णन करावे. त्यानंतर दोघांनी त्या घरी प्रत्यक्ष जावे, बसावे, किमान पेलाभर पाणी प्यावे आणि मगच लेखी मत द्यावे.

"पाणी कशाला ओ?" महादेवने विचारले.

"पाणी पिईपर्यंत मनुष्य घरात टिकतो," मी म्हणालो. "उंबऱ्यावरून मिळते ती माहिती, बसल्यावर कळते ती परिस्थिती."

हे वाक्य मला इतके आवडले की मी ते दोनदा म्हणालो. कायम पाहणी अधिकारी म्हणून माझी एकमताने निवड झाली (दुसरे कोणी रिकामे नव्हते). त्यानंतरचे दिवस बरे गेले. कोणाच्या घरी वॉकर हवा असे, कोणाला औषधासाठी सोबत. मी इस्त्रीचा सदरा घालून जात असे, बसत असे, पाणी पीत असे. बहुतेक घरी चहाही होई. काही घरांची पाहणी मी दोन वेळा केली. कामात कसूर नको!

आणि मग मंगलचे ते आवाहन आले.

'आपल्या गल्लीत एक वयस्कर गृहस्थ एकटे राहतात. सकाळी कडक भाकरी चहात बुडवून खातात, रात्री पण तेच. दिवसभर कामावर लोकांशी बोलतात, घरी आल्यावर भांड्यांशी बोलतात. पैसे नकोत. पाळीपाळीने डबा पाहिजे आणि थोडा वेळ बसायला माणूस पाहिजे.'

वाचून मला गहिवरून आले. परंतु मी अधिकारी! भावना बाजूस सारून लिहिले: 'उपरोक्त वर्णनाची वयस्कर व्यक्ती या गल्लीत अस्तित्वात नाही. निम्नस्वाक्षरीकार जन्मापासून येथील रहिवासी असून सर्वांस ओळखतो. सबब आवाहन संशयास्पद वाटते.'

ग्रुपवर महादेव काहीतरी टाइप करत असल्याचे दिसे, मग दिसेनासे होई. अखेर मंगलचे उत्तर आले: 'मग पाहणी करा की भावजी.'

मी सदरा घातला.

प्रथम संशय शिवलिंगप्पांवर. वय झालेले, मूळचे अक्कलकोटकडचे, सदा कट्ट्यावर एकटे बसलेले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळुवार आवाजात विचारले, "अप्पा, एकटेपणा फार जाणवतो का हो?"

"एकटेपणा?" अप्पा उसळले. "दोन सुना, नातवंडं, वर जावयाची माणसं! घरात बूड टेकायला जागा न्हाय म्हणून हितं बसलोय! तुमाला कुटं एकटेपणा मिळाला तर मलाबी थोडा आणा की!"

संशयित क्रमांक एक रद्द. गिरणीवर गेलो.

"महादेवा, असा कोणी इसम तुझ्या माहितीत आहे का?"

महादेवने गिरणी बंद केली. मग पुन्हा सुरू केली. "हाय की," तो पट्ट्याकडे बघत म्हणाला. "तुमच्याच बाजूला हाय."

"कोणत्या बाजूला?"

"लई जवळ, वकीलसाहेब." आणि त्याने ज्वारी नसलेल्या गिरणीत हात घातला.

माझ्या घराची एक बाजू म्हणजे बंद गोदाम. उरली नरसक्का, तेलुगू बाई, तिची आणि माझी भिंत एकच. ती दारात वाती वळत बसली होती.

"नरसक्का, तुमच्याकडे कोणी एकटे गृहस्थ राहतात का?"

"आमच्याकडं? अय्यो, नाही हो. पण आवाज येतंय की रोज."

"कसला आवाज?"

"माणसाचा. संध्याकाळी बोलतंय. 'आज मीठ जास्त झालंय गं', 'आज साहेब रजेवर होता गं'. उत्तर कोण देत नाही. मग परत बोलतंय. ऐकून जीव कसंतरी होतंय मला."

"कुठून येतो?"

तिने वात वळणे थांबवले आणि माझ्याकडे फार वेळ पाहिले. "भिंतीतून," ती म्हणाली.

भिंतीतून येणारा आवाज ही बाब गंभीर होती! गोदामात कोणी लपून राहत असावा आणि त्याचा आवाज माझे घर ओलांडून तिच्यापर्यंत जात असावा, अशी माझी खात्री पटली. पोलीस चौकीसाठी अर्जाचा मसुदा मनात जुळवतच मी घरी आलो. कुलूप उघडले, चपला काढल्या, चहा करून कपात ओतला, भाकरीचा तुकडा मोडून हातात घेतला आणि फळीवरच्या पितळी डब्याकडे बघून नेहमीप्रमाणे म्हणालो, "ऐकलंस का गं, मंगलने आज काहीतरीच आवाहन टाकलंय. सगळी गल्ली पालथी घातली, असा माणूस कुठंच सापडेना."

"हाच! हाच आवाज ओ, वकीलसाहेब!" भिंतीपलीकडून नरसक्का ओरडली. "सापडलं की!"

माझ्या हातातला तुकडा कपात पडला. कडक भाकरी लवकर बुडत नाही. ती बराच वेळ चहावर तरंगत राहिली, आणि मी तिच्याकडे बघत राहिलो.

नंतर मला अर्थातच संताप आला. वयस्कर म्हणे! पन्नाशी आत्ता कुठे ओलांडलेली! आवाहन तत्काळ मागे घेण्याबाबत मी नोटीस लिहायला बसणार, तोच दारात मंगल. पाहणी दोघांनी करायची, हा नियम. दुसरी ती.

"बसू का, भावजी?"

तिने विचारल्यावर माझ्या ध्यानात आले की बसायची दुसरी खुर्ची वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली होती. गठ्ठे उचलले. धूळ उडाली. ती शिंकली आणि बसली. नियमाप्रमाणे मी तिला पेलाभर पाणी दिले. इतर घरी मी दोन घोटांत पाणी संपवून चहाची वाट बघत असे. मंगल मात्र एकेक घोट घेत घरभर नजर फिरवत राहिली. मग तिची नजर फळीवर थांबली.

"ताईंचा डबा अजून तितंच हाय."

"जागेवर आहे," मी म्हणालो.

मी बोलण्याचा प्रयत्न केला, परंतु योग्य शब्द मिळेना. शब्द नेहमी दुसऱ्याच्या अडचणीसाठी सुचतात.

"मंगल, तू मला सरळ का नाही विचारलंस?"

"इचारलं न्हवतं व्हय? दोनदा डबा धाडला. तुमी काय केलं?"

मला आठवले. मी दोन्ही वेळा डबा धुऊन परत केला होता, आणि आत चिठ्ठी: 'निम्नस्वाक्षरीकार स्वावलंबी असल्याने सदर डबा साभार परत.'

"ती चिठ्ठी वाचून तुमचे भाऊ दिवसभर गप हुते," मंगल म्हणाली. "सख्ख्या भावाला कुणी साभार परत लिवतं का? मग म्हटलं, भावजी माणसाचं ऐकत न्हाईत, नियमाचं ऐकत्यात. म्हणून नियमातनं आले." तिने पेला पालथा करून दाखवला. "पाणी संपलं. आता मत द्या."

मी तासभर लेखणी हातात धरून बसलो. खोटा अहवाल मी आयुष्यात दिलेला नाही. अखेर ग्रुपवर लिहिले: 'प्रत्यक्ष पाहणी केली. सदर व्यक्ती अस्तित्वात असल्याचे आढळून आले. आवाहनातील मजकूर, वयाचा उल्लेख वगळता, सत्य आहे. व्यक्ती स्वभावाने किंचित तऱ्हेवाईक असली तरी मदतीस पात्र आहे. नाव नियमानुसार गुप्त ठेवण्यात येत आहे.'

क्षणार्धात गल्लीभर अंगठे उठले. शिवलिंगप्पांनी तर लिहिले, 'डबा द्यायला मीच जातो, तितं जरा शांतता मिळेल.'

तेव्हापासून पाळ्या सुरू आहेत. नरसक्काची आमटी आंबट असते, महादेव डब्याबरोबर पीठही सांडून जातो, आणि अप्पा आले की उठतच नाहीत. डब्याच्या फळीकडे बघून मी अजूनही बोलतो, पण आता आवाज जरा खाली ठेवतो, कारण नरसक्का भिंतीतून मीठ किती घातले ते सांगू लागते.

नियमानुसार गरज संपली की मदत बंद करायची असते, आणि ती संपली की नाही हे कायम पाहणी अधिकाऱ्याने पाहायचे असते. म्हणून मी दर महिन्याला इस्त्रीचा सदरा घालतो, स्वतःच्या घरात शिरतो, मोकळ्या केलेल्या त्या दुसऱ्या खुर्चीवर बसतो, पेलाभर पाणी पितो आणि पूर्णतः निःपक्षपातीपणे मत नोंदवतो: 'परिस्थितीत कोणतीही सुधारणा नाही. मदत चालू ठेवावी!'