पाच वाजता जागा होणारा कॉम्प्युटर

बाबांच्या तेरवीनंतर पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी आईने त्यांची खोली झाडून काढली. सतरंज्या उचलल्या, टेबलावर राहिलेले चहाचे कप धुतले, खिडकीत कोणी वाळत घातलेला टॉवेल घडी करून ठेवला. निघता निघता तिने भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू केलं. इतक्या माणसांत कोणीतरी ते बंद करून टाकलं होतं. हे बटण बंद करायचं नाही, असं बाबांनी तिला अनेकदा बजावलं होतं. का, ते मात्र सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात होतो. मी तांदूळ निवडत होते. आतून एक आखूड बीप ऐकू आला आणि त्यामागून पंख्याची घरघर सुरू झाली. घरात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आई उठून उभी राहिली. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि हळूच म्हणाली, "आले."

मी आत गेले. टेबलावरचा कॉम्प्युटर चालू झाला होता. काळ्या पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट होती, तीत इंग्रजीत दोन शब्द, आणि त्यापुढे एक बारीक पांढरी रेघ उघडझाप करत होती. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले होते. मी खाली वाकले, टेबलाखालच्या डब्यावरचं बटण दाबून धरलं, आणि तो बंद झाला. दुसऱ्या दिवशी पाचला तो पुन्हा उठला.

बाबा चामोर्शीच्या हायस्कुलात शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी चंद्रपुराहून हा कॉम्प्युटर आणला, तेव्हा गावात असे मोजकेच असतील. मी चंद्रपूरला एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला होते आणि शनिवारी आष्टीवरून येणाऱ्या एसटीने घरी यायची. दर शनिवारी त्या कॉम्प्युटरचं काहीतरी बदललेलं असे. यंत्रासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक बाबांनी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचून काढलं होतं. विजेच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. पाहुणा खोलीबाहेर पडायच्या आत त्याच्यामागे दिवा मालवायचे. त्यामुळे पुस्तकावरून यंत्राच्या सेटिंगमधलं वीज वाचवण्याचं पान सापडल्यावर त्यांना खजिना सापडल्यासारखं झालं. एक मिनिट कोणी हात लावला नाही की पडदा काळा व्हायचा. मी वाचता वाचता विचारात पडले की समोरचं पान नाहीसं व्हायचं, आणि काचेत माझाच चेहरा दिसायचा. मी कुरकुर केली, तेव्हा ते म्हणाले, "पाहून झालं ना? मंग कायले जळत ठेवाचं?"

पासवर्ड घालायची कल्पनाही त्यांचीच. शेजारची पोरं दुपारी येऊन पत्ते खेळायची आणि खेळता खेळता काहीबाही पुसून टाकायची. म्हणून त्यांनी अगदी मुळाशी, यंत्र सुरू होतानाच, कुलूप घातलं. तो शब्द त्यांनी कोणाला सांगितला नाही. सांगायची वेळ येईल असं वाटलं नसेल. छातीत दुखतं म्हणाले आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले.

आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. चौकटीत काय लिहिलंय ते तिने विचारलं. शब्द मागतोय, मी म्हटलं. एवढंच म्हटलं, आणि पुढच्या साऱ्या गोष्टी त्यातून निघाल्या. तिने ऐकलं ते असं, की बाबा रोज पाचला येतात आणि काहीतरी मागतात. तिच्या मनात हे आधीपासूनच होतं. दहा दिवस आम्ही दिव्याखाली पीठ पसरून टोपलीने झाकून ठेवलं होतं. त्यावर पाखराचा पाय उमटतो का, सापाची रेघ उमटते का, ते बायका पाहतात आणि गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते सांगतात. आमच्या पिठावर काहीच उमटलं नव्हतं. पीठ पसरलं तसंच सपाट राहिलं होतं. तेव्हापासून आई म्हणत होती की ते कुठी गेलेच नाईत.

मग ती त्यांना एकेक वस्तू देऊ लागली. पाचच्या आधी चहा नेऊन ठेवायची. एके दिवशी तिने पानठेल्यावरून तंबाखू-सुपारीचा खर्रा मागवला आणि पुडी की-बोर्डशेजारी ठेवली. खर्र्यावरून ती आयुष्यभर त्यांच्याशी भांडली होती. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि आईला हसवायचा प्रयत्न केला. म्हणाल्या, "मास्तर जिवंत होते तवा पाचले कधी घरात दिसले नाई बाई. आता बरे टायमावर येते." आई हसली नाही. पाचला ते तलावाच्या पाळीवर फिरून परत येऊन खोलीत शिरलेले असत, हे काकूंना माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात भारनियमन होतं. काही आठवडे लाइन नेमकी संध्याकाळी जायची आणि मग कॉम्प्युटर उठायचा नाही. आई तरी खोलीच्या उंबऱ्याशी बसून असायची. लाइनच नसली तर ते कसे येतील, असं काहीतरी पुटपुटायची. एकदा मी बोर्डाचं बटण बंद करून ठेवलं. तिने ते पुन्हा चालू केलं. मला रागावली नाही. घरच्या माणसाले बाहेर ठेवून कडी लावल्यासारखं वाटते, म्हणाली.

मी शब्द शोधायचा प्रयत्न केला. बाबांच्या शाळेचं नाव, त्यांच्या गावाचं नाव, जन्मतारीख. तीनदा चुकलं की यंत्र थिजून जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. एका संध्याकाळी मी माझं नाव टाकून पाहिलं. तेही नव्हतं. आई मागे उभी राहून सगळं पाहत होती. तिच्या लेखी मी बाबांशी बोलत होते आणि दर वेळी चुकीचं उत्तर देत होते.

पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. काकूंनी मला कुंपणापाशी थांबवून सांगितलं की ती दोन घासांवर उठते, आणि लुगडी वाटून टाकायची भाषा करते. रात्री जेवताना मी विचारलं. तिने ताटातला भात बोटांनी बाजूला सारला.

"मी समदं देऊन पाह्यलं," ती म्हणाली. "त्यांले काईच नाई पाह्यजे. मलेच बलावून राह्यले ते."

ती हे इतक्या साधेपणाने बोलली की मी घाबरले. बाजाराला जायचं आहे, असं सांगावं तसं ती सांगत होती. सोमवारी मी कामावर गेले नाही. रजेचा अर्ज पाठवला आणि मेन रोडवरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला घरी बोलावून आणलं. तो बाबांचाच विद्यार्थी, तिशीतला, बडबड्या. आल्या आल्या त्याने बाबांच्या फोटोला हात जोडले आणि सर गणितात मला कसे मारायचे ते सांगितलं.

काय घडतंय ते मी त्याला सांगितल्यावर त्याने मान डोलावली. यंत्र बंद असतानाही आतलं एक घड्याळ चालू असतं, म्हणाला. वीज वाचवण्याच्या त्याच पानावर गजर लावायची सोय असते. लावला की रोज त्या वेळी यंत्र आपणच सुरू होतं, फक्त बोर्डाचं बटण चालू हवं. हा गजर पाचचा आहे. पण पासवर्ड असल्यामुळे आत शिरून तो काढता येणार नाही. डबा उघडून आतला छोटा सेल काढला की घड्याळ, गजर, पासवर्ड, सगळं एकदम विसरलं जातं.

"पण सरांनी असं काऊन केलं असंल?" तो मला विचारत होता. "सर त लाईटचे एवढे पक्के. कोणी नसलं तरी रोज चालू होईन ना हे."

मलाही ते कोडं होतं. उत्तर दारातून आलं. आई चहा घेऊन उभी होती.

"चालत होते, पण खाली वाकता येत नोहतं ना त्यांले," ती म्हणाली. "गुडघे गेले होते. बटण त खाली हाये डब्यावर. तुले सांगू नको म्हणे."

मला हे माहीत नव्हतं. दर शनिवारी येऊन मी त्यांना खुर्चीत बसलेलं पाहत होते. ते खुर्चीत बसतात कसे आणि उठतात कसे, ते मी पाहिलं नव्हतं.

आईने कप खाली ठेवले आणि त्या मुलाला पुन्हा सगळं सांगायला लावलं. गजर कोणी लावला, तो कोणासाठी वाजतो, चौकटीतला शब्द कोण कोणाला विचारतो. त्याने सांगितलं, काकू, कॉम्प्युटर सरांना विचारतो की तुम्हीच आहात का. दुसरं कोणी आलं असेल तर आत घेत नाही.

आई पडद्याकडे वळली. पडदा तेव्हा बंद होता.

"म्हंजे ते नाई मागत," ती म्हणाली. "हा डबा त्यांले विचारून राह्यला."

"हो."

"मंग याले कोणी सांगतलंच नाई."

आमच्याकडे माणूस गेला की नात्यातल्या प्रत्येक घरी निरोप पोचवावा लागतो. एखादं घर राहून गेलं तर ते वर्षानुवर्षं बोलून दाखवतात. आईने दूरच्या चुलत नणंदेपर्यंत सगळ्यांना कळवलं होतं. आता तिच्या चेहऱ्यावर तसंच काहीतरी आलं, एक घर राहून गेल्यासारखं. ती डब्याजवळ खाली बसली, पत्र्यावरची धूळ पदराने पुसली आणि त्या मुलाला म्हणाली, "काढ बेटा. सांगून दे त्याले."

सेल नखाएवढा होता. त्याने तो थोडा वेळ बाजूला ठेवला आणि पुन्हा बसवला. यंत्र सुरू केलं तेव्हा चौकट आली नाही. तारीख मात्र कितीतरी वर्षं मागची दाखवत होतं. त्या तारखेला बाबा निवृत्तही झाले नव्हते. आजची तारीख मी घातली. आकडे बदलायला चार कळा दाबाव्या लागल्या आणि मला त्याला फार वेळ लागला. तो मुलगा खिडकीबाहेर पाहत थांबला. त्याचं ते थांबणं आजही माझ्या मनात आहे.

त्या संध्याकाळी पाच वाजले आणि काही झालं नाही. आई उंबऱ्याशी बसली होती. साडेपाचला उठली, चूल पेटवली आणि रात्री आणखी भात मागून घेतला. दुसऱ्या आठवड्यात तिने बोर्डाचं बटण स्वतः बंद केलं. ती माहेरच्या बायकांसोबत तलावावर जाऊ लागली, तिथून मासळी आणू लागली. तिचं माहेर गावातच, आणि तिथे साऱ्यांचा धंदा मासेमारीचाच.

मी चंद्रपूरला परत गेले. लायब्ररीत पाच वाजले की माझं काम थांबायचं. समोर कोणी पुस्तक घेऊन उभं असलं तरी मी घड्याळाकडे पाहायची. नेमकं काय ऐकायला मी थांबले आहे, ते मला कळत असे, आणि तरी मी थांबत असे.

असा एक महिना गेला असेल. एका रविवारी दुपारी मी बाबांच्या खोलीत गेले. यंत्र सुरू केलं, सुरू होतानाच कळ दाबून त्या दुरुस्तीवाल्याने उघडलं होतं ते सेटिंगचं निळं पान उघडलं. वीज वाचवण्याच्या पानावर गजराची ओळ होती. पुढे 'बंद' अशा अर्थाचा शब्द होता. तो बदलला, रोज, पाच वाजता. यंत्र बंद केलं आणि बोर्डाचं बटण चालू ठेवून बाहेर आले.

पाचला बीप वाजला. आई पडवीत विळ्यावर मासे साफ करत होती. या वेळी तिने पदर डोक्यावर घेतला नाही. हात धुतले, आत गेली, आणि मी तिच्यामागून गेले. यंत्र शेवटपर्यंत सुरू झालं होतं आणि पडदा निळसर होऊन स्वस्थ थांबला होता. तो कोणालाच काही विचारत नव्हता.

"हे तू केलंस," आई म्हणाली.

मी खुर्ची ओढून टेबलाजवळ बसले.

"आठवण येते त माह्यासंगं बोलत जा ना," ती म्हणाली. "त्यांले काऊन उठवतेस?"

ती परत पडवीत गेली. मी गजर काढला, यंत्र बंद केलं, बोर्डाचं बटण बंद केलं. बाहेर येऊन तिच्याजवळ पाटावर बसले. कुठून सुरू करावं ते कळेना. मग मी तिला सांगितलं की एकदा बाबा न कळवता माझ्या लायब्ररीत आले होते, आणि मला दिसू नयेत म्हणून कपाटांच्या मागच्या रांगेत उभे राहून कितीतरी वेळ मला काम करताना पाहत होते, आणि मला ते दिसले आहेत हे त्यांना कळलं नव्हतं.

आईने मासा उलटा केला.

"मंग?" ती म्हणाली.