नको तितकी स्वच्छ स्लाइड

“मॅडम, तेवढा रिपोर्ट सोडा हो. पार्टी बाहेर बसलीय आणि डॉक्टरांचे फोनवर फोन येताहेत.”

आमचे बॉस दारात उभे होते. मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. काढला असता तर भांडणच झालं असतं.

“काय सोडू? स्लाइडवर काहीच नाहीये.”

“मग छलोच की!” बॉस खूश. छलो म्हणजे चांगलं. हुबळीत लॅब चालवायची तर निम्मं बोलणं कन्नडमध्येच होतं. “जंतू नाहीत ना? नॉर्मल लिहा आणि सही करा.”

इथेच माझं डोकं फिरलं. बॉस रक्ताच्या तपासण्यांतले वाकबगार, पण जंतू हा माझा प्रांत. आणि योनीमार्गात जंतू नसणं ही चांगली बातमी नसते. तिथं जंतू असावेच लागतात. लॅक्टोबॅसिलस हे त्यांतले मुख्य, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. ते आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणामुळे उपद्रवी जंतूंना बस्तान बसवता येत नाही. या सगळ्या वस्तीला आता मायक्रोबायोम असं भारदस्त नाव मिळालंय. आम्ही शिकलो तेव्हा नुसतं फ्लोरा म्हणायचो.

तपासायची साधी पद्धत अशी. स्वॅब, म्हणजे कापूस गुंडाळलेली काडी, काचेवर फिरवायची, ग्रॅम स्टेन नावाचा रंग द्यायचा आणि बघायचं. जांभळ्या लांबट काड्या, म्हणजेच लॅक्टोबॅसिलस, भरपूर दिसल्या की सगळं ठीक. त्या नाहीशा होऊन बारीक ठिपक्यांची गर्दी झाली की बिघाड. त्या बिघाडाला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, थोडक्यात बीव्ही. माझ्यासमोरच्या स्लाइडवर काड्याही नव्हत्या आणि ठिपकेही. नुसत्या चार पेशी इकडेतिकडे.

स्वॅब अश्विनीचा होता. इथल्या लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत राहणारं, मूळचं मिरजेकडचं व्यापारी घर. नवऱ्याचा अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरचीचा घाऊक धंदा. पोरीची याआधीची दोन्ही बाळं पाचव्या महिन्यात गेलेली. आता तिसऱ्यांदा चौथा महिना संपत आला होता, ओटीपोटात दुखत होतं आणि अंगावरून वास येणारं पाणी जात होतं. म्हणून तिच्या गायनॅक डॉ. शैलजा यांनी स्वॅब पाठवलेला.

मी त्यांना फोन लावला. “वास येतोय म्हणता, आणि स्लाइड रिकामी. पटत नाही मला.”

“मी पीएच पेपर लावला होता गं. तोही नॉर्मल.” पीएच म्हणजे आंबटपणाचं माप. “पण माझ्याकडे वेळ नाही. फंगस आहे की बीव्ही आहे ते सांग. दोन्हींची औषधं वेगळी. अंदाजानं देऊ का या पोरीला?”

स्वॅबची नळी मी पुन्हा उघडली. नमुन्याचा वास मुद्दाम घ्यायचा नसतो, पण आलाच. जखमेवर लावायच्या अँटिसेप्टिकचा. मी उठून बाहेर गेले.

अश्विनी खाली मान घालून बसलेली. शेजारी सासूबाई, ताठ, हातात कापडी पिशवी. तपासणीआधी काही लावलं होतं का, असं मी अश्विनीला विचारलं, उत्तर सासूबाईंनी दिलं.

“धुऊनच आणलंय की ओ. आमच्यात डॉक्टराकडं तसंच जात नाहीत.”

“आतून?”

“आतूनच. रबराची पिचकारी हाय. तुरटी फिरवायची पाण्यात, वरनं औषधाचे थेंब. रोज मी स्वतः पाणी करून देते. पहिलं गेलं तेव्हा सगळे म्हणाले, अंगात घाण असली की टिकत नाही. तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही बघा.”

हे त्या अभिमानानं सांगत होत्या. मला एकदम गलबलून आलं आणि त्याच वेळी संतापही आला. आपली माणसं सोन्यासारखी काळजी घेतात आणि त्याच काळजीनं घात करतात. त्या तुरटीचं पाणी आंबट, म्हणून पीएच पेपर फसला. अँटिसेप्टिकनं जंतू धुऊन नेले, म्हणून स्लाइड फसली. आणि रोजच्या धुण्यानं काड्यांची वस्ती उठून गेली, ती वेगळीच.

“काकू, विरजणाचं भांडं रोज औषधानं धुतलंत, तर दही लागेल का? तसंच आहे हे. चांगले जंतू मरतात.”

काकूंनी विचार केला. “मग दही लावू?”

“अहो नको!” मी जवळजवळ ओरडलेच. “काही लावू नका, काही घालू नका. दोन दिवस फक्त बाहेरून साधं पाणी. मग मी स्वतः स्वॅब घेते.”

बॉसना हे अजिबात आवडलं नाही. “गिऱ्हाईक परत पाठवता?” म्हणाले. आणि काकू निघताना, दोन गोड शब्द बोलावेत म्हणून, काउंटरवरून त्यांना सांगून बसले, “तसा रिपोर्ट क्लीन आहे हो, मॅडमना आपली खात्री करून घ्यायचीय.”

हे मला नंतर कळलं. तेही कसं, तर काकू माझ्या टेबलासमोर उभ्या राहून गरजल्या तेव्हा.

दोन दिवसांनी मी घेतलेल्या स्वॅबच्या स्लाइडवर जांभळी काडी शोधून सापडेना. ठिपक्यांची झुंबड. पेशींच्या कडांना ते इतके चिकटलेले की कडाच दिसत नव्हत्या. अशा पेशींना क्लू सेल म्हणतात. बीव्हीची ती ठळक खूण. पीएच पेपरही या वेळी नॉर्मलचा पिवळा राहिला नाही, म्हणजे आंबटपणा गेलेला. मी डॉ. शैलजांना फोन केला आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. तासाभरात काकू सुनेला घेऊन हजर.

“आधीचा रिपोर्ट क्लीन होता म्हणाले तुमचे साहेब! तुम्ही धुणं बंद करायला लावलंत आणि दोन दिवसांत जंतू झाले. आणि आता वर गोळ्या? पोटातल्याला काय झालं तर कोण जबाबदार?”

बॉस भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. कारण काकूंचा हिशोब वरवर बिनचूक होता. आधी स्वच्छ, मग माझा सल्ला, मग घाण. घरी जाऊन त्या पिचकारी पुन्हा काढणार आणि गोळ्या कचऱ्यात जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

“काकू, जंतू आधीही होते. आम्ही बघायला येणार म्हणून तुम्ही झाडून काढलंत, एवढंच.”

“कशावरून?”

पुरावा नव्हता माझ्याकडे. मग जे बोलू नये ते बोलले. “पहिलं गेल्यापासून धुताय ना? दुसरं गेलं तेव्हा धुणं चालूच होतं.”

काकूंचा चेहरा पडला. त्या खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, संपलं, आता ही बाई उठून जाईल ती कायमची.

तेवढ्यात अश्विनी बोलली. तिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

“अत्ते,” तिनं सासूला कन्नड वळणानं हाक मारली, “मी गोळ्या घेणार. आणि ते पाणी मला झोंबतंय. पहिल्यापासून झोंबतंय.”

काकूंनी तिच्याकडे बघितलं. “मग बोलली का नाहीस गं?”

“तुम्ही पहाटे उठून करून देत होता की.”

काकू रडल्या. बॉसनी पाण्याचा ग्लास आणला, त्या दिवसातलं त्यांचं एवढंच काम.

अश्विनीनं गोळ्या पुऱ्या केल्या. गर्भाशयाचं तोंड वेळेआधी उघडू नये म्हणून डॉ. शैलजांनी तिथं टाकाही घातला. पाचवा महिना आला तेव्हा फोन वाजला की मी दचकायची. तो गेला, सहावा गेला. पुढच्या स्लाइडवर काड्या हळूहळू परतू लागल्या होत्या. मुलगी झाली, थोडी आधी, पण खणखणीत. गोळ्यांनी साधलं, टाक्यानं की पिचकारी बंद केल्यानं, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

धडा एवढाच. पेशंटला काय होतंय हे सगळेच विचारतात. इथे येण्याआधी काय करून आलात, हेही विचारावं. मी आता विचारते, लाज न बाळगता.

नंतर एकदा रिसेप्शन गच्च भरलेलं असताना काकू कुणा भाचेसुनेला दंडाला धरून आल्या आणि काउंटरवरून थेट माझ्या खोलीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, हिला न धुता आणलंय!”

पोरगी लाजेनं चूर झाली. सॅम्पल मात्र उत्तम होतं.