वनस्पतीवेड्या साहेबाची पत्रं आणि आम्ही तिघं

जुने कागद सांभाळायचं काम फार शांत असतं, असं लोकांना वाटतं. एसी, पांढरे हातमोजे, हळू आवाज! आमच्याकडे एसी नाही, हातमोजे कसे आले ते पुढे सांगते, आणि हळू आवाजात बोलायची वेळ क्वचितच येते.

वसईतल्या आमच्या कॉलेजच्या एका खोलीत एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाचे कागद आहेत. त्याला आम्ही नुसतं 'साहेब' म्हणतो. तो इकडच्या जंगलात झाडं गोळा करत फिरायचा आणि कलकत्त्याच्या एका मित्राला पत्रं लिहायचा. आधी कच्चा खर्डा, मग पक्कं पत्र. ते खर्डे, मित्राची उत्तरं आणि वाळवलेल्या पानांचे काही गठ्ठे, एवढा आमचा खजिना. सांभाळणारे तिघं: बॉटनी शिकवून रिटायर झालेली मी, रिटायर लायब्रेरियन मार्सेल सर, आणि कागद दुरुस्तीचा कोर्स केलेली सुनीता. कागदांची यादी सुनीताने केली. किस्से मात्र कुणी न मागता साठत गेले.

*

कागद आले ते चांदीप गावाहून. साहेब विलायतेला परतताना आपली पेटी ज्या गड्याकडे ठेवून गेला, त्याच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या पडून होती. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा सकाळी फोन आला. "मॅडम, आमच्या शेजारी बाळूकाकांकडे इंग्रजी पत्रांची पेटी आहे. पण लवकर या. ते रोज थोडी थोडी जाळतायत!"

मार्सेल सरांच्या स्कूटरवर मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचीच बसले. पोचलो तर अंगणात चूल पेटलेली, वर पाण्याचा हंडा, आणि बाळूकाकांच्या हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा. ते सुतळी सोडवत होते.

"काका, थांबा!" मी फाटकातूनच ओरडले.

काका दचकले. त्यांच्या हातातून गठ्ठा सुटला आणि थेट चुलीच्या तोंडाशी पडला. मार्सेल सरांनी पुढे होऊन तो पायाने बाहेर ओढला. वरची दोन पत्रं कडेने काळी झाली, बाकीची वाचली. सरांची चप्पल गेली.

"किती जाळलीत काका?" मी विचारलं.

"दोन गठ्ठे गेले असतील," काका शांतपणे म्हणाले. "जुना कागद ना! ओला पावसाळा असला तरी बिगर रॉकेलचा पेटतो. पानी कसं कडक तापतं!"

*

सुनीताने पत्रं तारखेप्रमाणे लावायला घेतली. एके दिवशी तिच्या लक्षात आलं, साहेबाचं अक्षर बिघडतंय. त्याला ताप आला होता. पहिल्या खर्ड्यात अंग मोडून आलंय. दुसऱ्यात पेन हातात धरवत नाही. तिसऱ्यात ओळी उतरत्या, शाईचे डाग, आणि शेवटी एवढंच: "माझ्या मागे हे नमुने तुझ्याकडे पोचतील अशी व्यवस्था केली आहे."

पुढचा कागद उघडायला सुनीता तयार होईना! "उद्या बघू," म्हणाली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली ती डोळे सुजवून. शतकापूर्वी मेलेल्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करायला स्टाफरूममधून तीन जण येऊन गेले.

शेवटी आम्ही तिघं टेबलाभोवती उभे राहिलो. सुनीताने चिमट्याने घडी उलगडली. अक्षर ठणठणीत, टाकाने कागद जवळजवळ फाटलेला.

पहिलं वाक्य: "पानं चिकटवायला मिळणारा इथला डिंक अत्यंत भिकार आहे."

सुनीता तिथेच खुर्चीत बसून रडली.

*

आता हातमोजे कसे आले ते. मार्सेल सर रोज दुपारी घरची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणायचे. एकदा डाव्या हाताने सुकेळी खात, उजव्या हाताने ते वाळवलेल्या पानांचे कागद उलटत होते. मध्येच हात बदलायचे. शेजारी मी कलकत्त्याचं पत्र मोठ्याने वाचत होते, लगेच मराठी करून.

"'मी सांगितल्याप्रमाणे सर्व नमुन्यांना रसकापुराचं पाणी लावलंस ना? कीड लागणार नाही. मात्र ते जहाल विष आहे. त्या कागदांना हात लावून...'" मी थांबले.

"लावून काय?" सरांनी विचारलं. तोंडात सुकेळी.

"'...जेवायला बसू नकोस.'"

सरांचा चावायचा आवाज बंद झाला. ते उठले, खिडकीतून थुंकले आणि म्हणाले, "आत्ताची चौथी होती."

रिक्षात ते प्रार्थना पुटपुटत बसले. हातात जपमाळ. सुनीता सारखी त्यांची नाडी बघत होती, तिला नाडी बघता येत नसताना. हॉस्पिटलात रक्त घेतलं, सलाइन लावलं, चार तास आम्ही बाकावर. मी मनात म्हणत होते, हे पत्र मी सकाळीच का नाही वाचलं?

रिपोर्ट साफ आले. डॉक्टर तरुण होता. त्याने फाइल मिटली.

"कधीचं विष म्हणालात?"

"एकोणिसाव्या शतकातलं."

"मग आजोबा, एक्स्पायरी झाली असणार!"

*

एका जुलैत कॉलेजच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरलं. आमची खोली तळमजल्यावर. कपाटाचे खालचे दोन खण भिजले. वीज गेलेली. सुनीताने आपल्या कोर्सच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "वाळवत बसू नका, पानं चिकटतील. गोठवा. दोन दिवसांत बुरशी धरेल."

गोठवा! वीज नसलेल्या गावात!

मार्सेल सर म्हणाले, "पाचूबंदरला चला." तिथे त्यांच्या ओळखीची रोझीबाय, मासळीचा धंदा करणारी, घरी जनरेटरवर चालणारा मोठा फ्रीझर. आम्ही पत्रं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत भरली आणि टेम्पोने निघालो. वाटेत दोनदा इंजिन बंद पडलं. दर वेळी सुनीता पेटीवर ओणवी होऊन बसायची.

रोझीबायने झाकण उघडून बघितलं. "कोनाची पत्रं?"

"एका साहेबाची," सर म्हणाले.

"जिवंत हाय?"

"नाही गं."

"मंग घाई कसली?"

सरांनी सगळं समजावलं. ती ऐकत राहिली. मग फ्रीझर उघडला, बोंबील आणि पापलेट बाहेर काढून बर्फात टाकले आणि वरचा अख्खा कप्पा मोकळा करून दिला. महिनाभर पत्रं तिथे होती. एकही गेलं नाही.

पुढच्या वर्षी एक मोठे अभ्यासक आले. त्यांनी पत्र नाकाजवळ धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आहाहा! हा तो काळाचा गंध!"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

*

सुनीता फुलपाड्याला राहते. कमी बोलणारी. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एक प्रचंड गोरखचिंच आहे, चार माणसांच्या कवेत न मावणारी. एका सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, रस्ता रुंद करतायत. मशीन आलंय. ते पत्र आणा. खरं आणा, झेरॉक्स ते बघत नाहीत." मागून करवतीचा आवाज येत होता.

ते पत्र म्हणजे याच झाडाबद्दलचं. मार्सेल सरांचा नियम होता, मूळ कागद खोलीबाहेर जाणार नाही. प्रिन्सिपॉलनाही त्यांनी कधी नेऊ दिला नव्हता. मी काही बोलायच्या आत त्यांनी कपाट उघडलं, पत्र फोल्डरमध्ये घातलं आणि फोल्डर शर्टाच्या आत.

पोचलो तेव्हा एक फांदी खाली आलेली. बुंध्याला टेकून, रस्त्यावर मांडी घालून सुनीता बसली होती. डोक्यावर भुसा. करवतवाला मशीन चालू ठेवून उभा. लोक गॅलरीतून बघत होते, खाली कोणी येत नव्हतं.

"मॅडमना समजवा," सुपरवायझर मला म्हणाला. "मला संध्याकाळी उत्तर द्यायचंय. असलं झाड किती जुनं आहे कोणाला माहीत?"

मार्सेल सरांनी फोल्डर काढला. पावसाचा थेंब पडू नये म्हणून मी छत्री धरली. सर मराठी करत वाचू लागले, करवतीच्या वरताण आवाजात.

"'मित्रा, या झाडाच्या वयावरून आपला वाद आहे. तो मिटवण्यासाठी आज मी ते तोडून आतली वलयं मोजायची ठरवली. कुऱ्हाडीवाले आणले. पण पाड्यावरची एक बाई येऊन बुंध्याशी बसली. धमकावलं, समजावलं. दुपार झाली तरी ती उठेना.'"

करवतवाल्याने मशीन बंद केलं. त्याला नीट ऐकू येत नव्हतं.

"मग?" सुपरवायझरने विचारलं.

"'मी कुऱ्हाडीवाल्यांना परत पाठवलं. तुला फक्त पानं पाठवत आहे.'"

"मग झाडाचं वय किती निघालं?"

"कळलंच नाही," सर म्हणाले. "कापू दिलं नाही ना."

सुपरवायझर कागदावर वाकला. "त्या बाईचं नाव काय लिहिलंय?"

सरांनी कागद उलटून पालटून पाहिला. "नाव नाही लिहिलेलं."

त्याने करवतवाल्याला हातानेच सामान उचलायची खूण केली. मग बगलेतलं पॅड काढलं, पेनचं टोपण दातांनी उघडलं आणि सुनीतासमोर उकिडवा बसला.

"बोला मॅडम," तो म्हणाला. "पूर्ण नाव सांगा. आधी वडिलांचं लावता का मिस्टरांचं?"